हिरव्या बेंटलीचा ब्रेक

शनिवार, ८ जून

हा सायमोने नाही!

नाव त्याचंच. पडद्यावर वर तरंगतं ते, तीच चुकीची अक्षरं. गाडी चालवणारा मात्र तो नाही. माझा धाकटा भाऊ आहे, मला कळणार नाही? निळ्या पिंपात तांदूळ, साबण, बूट भरून घरी पाठवले तेव्हा मधोमध ब्लँकेटात गुंडाळून गेमचा डबाही पाठवला होता, त्याच्यासाठी. तेव्हापासून आम्ही खेळतो. तो टोंगात, मी इथे परदेशात, द्राक्षमळ्यात मजुरीला. वळण आलं की सायमोने ब्रेक विसरतो. भिंतीवर जातो, हसतो, परत जातो. कायम ती नारिंगी मॅक्लारेन, आणि दर वळणाला तिचं थोबाड फुटलेलं.

आज आला हिरवी बेंटली घेऊन. बेंटली! चर्चला निघालेल्या डीकनच्या बायकोसारखी जड गाडी. आणि वळणाच्या आधी ब्रेक. आधी! हळू आत, मग जी सुटली! माझी ॲस्टन मार्टिन तिच्या मागे धावता धावता सरळ शेतात, मेंढरांत. गेममधला रस्ता इंग्लंडातला ना.

मी लिहिलं, "काय रे, म्हातारा झालास?"

उत्तर आलं, "शिकतोय दादा."

शिकतोय? सायमोने? शाळेत गेला तेव्हा नाही शिकला!

बुधवार, १२ जून

थंडी. इथे जूनमध्ये हिवाळा. सकाळी वेलांवर पांढरं पडलेलं. बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटतात.

हौलोतोकाका माझ्या मागे येऊन उभा राहिला. काका आमचा मुकादम, आमच्याच बेटाचा. रविवारी प्रवचन देतो, बाकीचे सहा दिवस आम्हाला धुतो. "एका वेलाला चार काड्या ठेवायच्या. तू ठेवल्यास दोन, त्यातली एक वाळकी. डोकं कुठे आहे?"

माका पुढच्या ओळीतून ओरडला, "डोकं इंग्लंडात आहे काका! साहेब ॲस्टन मार्टिन चालवतात. आपल्या राजाकडेसुद्धा नसेल!"

"मग राजाला म्हणावं, खाली उतर आणि कात्री धर."

सगळी ओळ हसली. माका माझ्याच खोलीत झोपतो. घोरतो असा की बेंटली परवडली.

संध्याकाळी काव्याला बसलो, मुळ्या कुटून काढलेलं आमचं पेय ते. काकाने वाटी माझ्या हातात देता देता विचारलं, "पुढच्या तुकडीत आपल्या गावाला एक जागा मिळतेय. तुझा भाऊ कसा आहे?" मी वाटी रिकामी केली. काका म्हणाला, "मला टिकणारा पाहिजे. मागचा पळून गेला सिडनीला, आणि नाव कुणाचं गेलं? त्याचं नाही, गावाचं. आणखी एक पळाला तर आपल्याकडून कुणालाच घेणार नाहीत."

मी म्हणालो, "बदललाय तो काका. थांबायला शिकलाय."

बोलताना डोळ्यांसमोर बेंटली होती. ती वळणाआधी थांबते तशी.

"तुझा शब्द?"

"माझा शब्द."

देऊन तर बसलो. एका गाडीवरून माणूस कळतो का?

शनिवार, १५ जून

काहीच कळत नाही.

शर्यत सोडून तो मध्येच थांबला. रस्ता समुद्राला लागतो तिथे, कठड्यापाशी बेंटली उभी केली. मी पुढे जाऊन परत आलो. लिहिलं, "पेट्रोल संपलं?" गेममध्ये पेट्रोल संपत नाही, म्हणून विनोद.

"समुद्र बघतोय दादा."

अरे, तुझ्या दारात खरा समुद्र आहे! इथे मला मैलोन्‌मैल नुसत्या तारा आणि वेल. बघायचा तर मी बघायचा. तरी उभा राहिलो त्याच्या शेजारी. दोन गाड्या, समोर खोटं पाणी. बरं वाटलं. का, ते माहीत नाही.

मग मी आपला नेहमीचा एक लिहिला, माकाकडून ऐकलेला, नवरा-बायको आणि नारळाचा. सायमोने असल्या विनोदावर गडाबडा लोळतो. बेंटली दिसेनाशी झाली. गेममधूनच गेला!

वीज गेली असेल.

मंगळवार, १८ जून

पाऊस. काम नाही. तो आला. शनिवारबद्दल एक अक्षर नाही.

आज चौकशाच चौकशा. हातमोजे देतात का. रात्री किती गार. द्राक्षं भरायच्या शेडमध्ये बाया असतात त्या कुठे राहतात, चर्चला जायला मिळतं का, मुकादम ओरडतो का.

मी लिहिलं, "तुला बायांच्या शेडचं काय रे? कुठली पटवायचीय?" आणि पुढे दोन शब्द, ते इथे लिहीत नाही.

गेला! परत गेला!

वीज दर वेळी माझ्या विनोदालाच जाते?

शनिवार, २२ जून

अंधारात लिहितोय, अक्षर लागणार नाही. मलाच वाचायचंय, काय फरक पडतो.

अर्धा दिवस काम करून आलो. डबा लावला. बेंटली उभीच. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्याच्या आधी मला वाटलं, आईला फोन लावावा, सायमोनेच्या जागेचं सांगावं. तिच्या बाजूलाच बसलाय तो, आईलाही कळेल, त्यालाही. म्हणून गाडी उभी केली आणि फोन लावला.

"आई, सायमोनेला दे."

"सायमोने? तो कुठला घरात! रग्बीला गेलाय. शनिवार ना आज."

पडद्यावर बेंटली माझ्यासमोर उभी. दिवे लावून.

"मग घरात कोण आहे?"

"मी बाहेर चुलीशी. फुसी आत आहे. का रे?"

बेंटलीने हॉर्न दिला. चल, या अर्थी. दोनदा.

आणि फोनमध्ये, आईच्या मागून, आतल्या खोलीतून तोच हॉर्न. दोनदा!

मी फोन ठेवला. डबा तसाच सोडून बाहेर गेलो. चपला घालायच्याही राहिल्या.

रविवार, २३ जून

चर्चमध्ये एकही स्तोत्र गाता आलं नाही. काका बघत होता.

फुसीताई. माझी मोठी बहीण. दोन वर्षांनी मोठी, आणि मला "दादा" लिहीत होती!

मी दहा-अकराचा झालो तेव्हापासून मागच्या झोपडीत झोपलो, मुलगे झोपतात तसा. ती खोलीत आली की मी उठलो. ती टीव्हीपुढे बसली असेल तर तो टीव्ही माझा नाही. तिच्यासमोर वावगा शब्द नाही, पोरींची गोष्ट नाही, मोठ्याने हसणं नाही. सायमोनेचंही तेच. आमच्याकडे भाऊ नि बहीण म्हटल्यावर असंच. मान राखायचा, आणि ती मोठी, तिचा मान सगळ्यात वर. मला कधी जाचलं नाही. आम्ही कधी भांडलोही नाही. भांडायला तरी बोलावं लागतं.

आणि मी तिला काय काय लिहिलंय! तो नारळाचा विनोद! देवा! ते दोन शब्द!

म्हणून ती उठून जायची. मी उठायला हवं होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून तीच उठली. मान तिने राखला, मोडला मी.

पण मग ती आली कशाला? माहीत असून आली. दर वेळी परत आली.

रागावू? कुणावर?

बुधवार, २६ जून

राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत काकाला विचारलं. कसाव्याचा उकडलेला कंद चघळत बसला होता.

"काका, भाऊ आणि बहीण एकाच रस्त्यावर दोन गाड्यांत असले तर चालतं का?"

"रस्ता कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मग चालतं. नाहीतर बाजारात कुणी गेलंच नसतं."

"एकमेकांच्या मागेपुढे असले तर?"

"मध्ये अंतर किती?"

"समुद्र आहे."

काकाने घास थांबवला. "समुद्र? मग मला विचारतोस काय येड्या? काव्याची वाटी संध्याकाळी घेतात, दुपारी नाही!"

"आणि... हसले तर, काका?"

आता तो हसला नाही. हातातला कंद खाली ठेवला आणि म्हणाला, "वेलाकडे जा. चार काड्या. काडीवरचे डोळे मोजून काप."

हे हो होतं की नाही?

शनिवार, २९ जून

खेळलो नाही. डब्याचं तोंड भिंतीकडे केलं.

माका म्हणतो, "काय झालं रे, त्याने काय पाप केलं?"

बुधवार, ३ जुलै

खेळलो.

कंट्रोलर हातात घेतला तेव्हा वाटलं होतं, एकदाच बघू आणि बंद. बेंटली कठड्यापाशी उभी होती. तिथेच, समुद्राकडे तोंड करून. किती दिवस येऊन उभी राहात होती कोण जाणे.

मी काही लिहिलं नाही. ॲस्टन मार्टिन शेजारी लावली, जरा अंतर सोडून.

खूप वेळाने तिकडून आलं, "दादा, फुसीताई विचारत होती."

मी दोनदा वाचलं. फुसीताई विचारत होती! म्हणजे लिहिणारा सायमोने. असं ठरलं तर. मी लिहिलं, "काय म्हणते ती?"

"ती म्हणते, शेडमध्ये बाईची जागा असेल तर."

"तिला यायचंय?"

"ती म्हणते, आत्याच्या मुलीच्या लग्नात द्यायची चटई विणतेय, त्याआधी दुसऱ्या मुलीची विणली. हात तिथेही दुखतील हे तिला माहीत आहे. पण तिथले हात तिचे असतील, म्हणते."

मी काय लिहिणार? जागा एक आहे. ती मी सायमोनेसाठी मागितली, शब्द दिला. कशावरून दिला? या बेंटलीच्या ब्रेकवरून. म्हणजे शब्द तिच्याबद्दलच दिला होता की!

पण ती इथे आली तर शेडच्या पलीकडे बायांच्या घरात राहील. चर्चच्या हॉलमध्ये शिरली की मी उठणार. ती चहाला बसली की मी बाहेर. समोर असेल आणि मी तिच्याशी बोलणार नाही. आता मध्ये समुद्र आहे, भावाचं नाव आहे, म्हणून बोलतोय. ती आली की बेंटली गेली.

लिहिलं, "सांग तिला, विचारतो."

मग शर्यत लावली. हरलो. मेंढरांत गेलो.

शनिवार, ६ जुलै

काकाला म्हणालो, "सायमोने नको. फुसीताईचं नाव द्या. शेडला."

"परवा शब्द दिलास थांबायला शिकलेल्या माणसाचा."

"तोच शब्द आहे काका. नाव चुकलं होतं."

"आत्या काय म्हणते?"

आत्या! मी तिचा विचारच केला नव्हता. बापाची बहीण. आमच्या घरात तिच्या वर फक्त देव, आणि तोही तिला विचारून. बाबा गेले तेव्हा त्यांचा कोट कुणी घालायचा हेही तिने ठरवलं.

"तिचं हो आलं तर माझं हो," काका म्हणाला. "नाही आलं तर मी तुला ओळखत नाही."

रविवार, १४ जुलै

फोन केला. धीर करायला आठवडा गेला.

"कोण? एटु? जिवंत आहेस? पिंपात साबण पाठवलास तो तेवढा फेस नाही करत."

"आत्या, इथे एक जागा आहे—"

"सायमोनेला घेऊन जा. दिवसभर बॉल घेऊन पळतो, मागे कुत्रं लागल्यासारखा."

"सायमोने नको. फुसीताई. शेडमध्ये, बायांच्यात."

"फुसीला यायचंय?"

"हो."

"तुला कसं माहीत?"

घाम फुटला. थंडीत!

"तिने तुला सांगितलं? तू तुझ्या बहिणीशी बोलतोस? असल्या गोष्टी बोलता तुम्ही दोघं?"

"नाही आत्या! सायमोनेने सांगितलं."

"बरं. सायमोने माझ्यासमोरच बसलाय, माझ्याच घरचं खातोय. विचारते." आणि फोन तोंडापासून न हलवता, "काय रे, तू सांगितलंस तुझ्या भावाला, फुसीला तिकडे जायचंय म्हणून?"

संपलं. त्याला काय माहीत? आणि जागा त्याची जाणार होती. डोळे मिटले मी.

त्याचा आवाज, तोंडात घास, "हो. मीच लिहिलं. गेममध्ये. रोज लिहितो."

"तू? लिहितोस?"

"चुका होतात आत्या. पण लिहितो."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! स्वतः डबा देऊन रग्बीला जायचा! गाढव माझा भाऊ. सोन्यासारखा गाढव.

आत्या म्हणाली, "बघते."

तिचं "बघते" म्हणजे काय, बाबांनाही कधी कळलं नाही.

शनिवार, २० जुलै

आज तीन तास चालवलं. नुसतं चालवलं. प्रश्न नाही, उत्तर नाही.

पाऊस लावला होता गेममध्ये. ओल्या रस्त्यावर बेंटलीच्या मागे राहिलो. ती जिथे ब्रेक लावते तिथे मी लावला. जिथे सोडते तिथे सोडला. ॲस्टन मार्टिन पहिल्यांदा माझं ऐकायला लागली. मी आजवर तिला वळवायला जात होतो वळणात शिरल्यावर. वळवायचं आधी असतं. कुणी सांगितलंच नव्हतं!

मग मीच ताईला मॅक्लारेन घ्यायला लावली. पहिल्याच फटक्यात गरगर फिरून ओढ्यात. तिकडून आलं, "ही गाडी नाही दादा, शिंक आहे."

हसलो. एकटाच, मोठ्याने. माकाने आंघोळीतून डोकं काढलं.

ती तिकडे हसली असेल का? तिचं हसू मी कधी ऐकलेलं नाही. तोंडावर हात धरून हसते का, आईसारखी? मागे टाकलं की चिडते, हे माहीत आहे. हॉर्न देत सुटते. घाट आवडतो, शहर नाही. समुद्र दिसला की थांबते. वीस वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं.

शनिवार, १० ऑगस्ट

कागदांपुरतं आत्याचं हो आलं. काकाने कागद सुरू केले. डॉक्टर झाला, फोटो झाला. पासपोर्ट आला आणि आत्याने स्वतःकडे ठेवला!

आई सांगते, "चटई झाली की बघू म्हणते."

"किती राहिलीय?"

"अर्धी झाली की ती लांबी वाढवते."

शनिवार, २१ सप्टेंबर

वेल फुटले. सगळीकडे पोपटी. काका माझ्या ओळीतून चालत गेला आणि काही बोलला नाही. माका म्हणतो, हे त्याचं शाबास आहे. मला आधी वाटलं बरं नाही त्याला.

सायमोनेशी फोनवर बोललो. म्हणाला, "दादा, मला हात लावू देत नाही डब्याला! घरात असली की टीव्ही तिचा, मी बाहेर. मी खेळणार कधी?" मग एकदम, "म्हणजे, मीच खेळतो. रोज."

"हो रे, माहीत आहे."

"मी चांगला चालवतो ना?"

"फार."

"मला जागा नको होती तशीही," म्हणाला. थोडं थांबून. "थंडी असते ना तिकडे."

शनिवार, १२ ऑक्टोबर

तिकीट आलं. पुढचा शुक्रवार, दुपारचं विमान. बॅग भरलीय, आई म्हणते. बायांच्या घरात खाट मोकळी केली, मी लांबून बघितली. पासपोर्ट आत्याकडेच. विचारलं की म्हणते, "शुक्रवार अजून लांब आहे."

संध्याकाळी बेंटली आली. आम्ही सगळा घाट चढलो आणि उतरलो. तिने काही लिहिलं नाही. मीही नाही. कठड्यापाशी उभे राहिलो.

तिने यावं असं वाटतं. आणि ही शेवटची फेरी असू नये असंही वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटतं माणसाला?

शेवटी मी लिहिलं, "सायमोने, फुसीताईला सांग, इथे सकाळी फार गार असतं. लोकरीचे मोजे आण म्हणावं."

"सांगतो दादा."

मग जाता जाता हॉर्न. दोनदा.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दिवसभर आभाळाकडे बघितलं. इथून ते विमान दिसत नाही, तरी. घरी फोन लावला, उचलत नाही कुणी. आत्याला लावायची हिंमत नाही.

कामावरून आलो तो डबा लावला. ॲस्टन मार्टिन काढून उभा राहिलो. रस्ता रिकामा. येऊ नको, ताई. येऊ नको.

हिरवी बेंटली आली.

म्हणजे आत्याने पासपोर्ट दिलाच नाही. तरी निघालो. मागून ती. पहिलं वळण दिसलं, मी ब्रेक लावला, आधी, तिच्यासारखा, आणि आरशात बघत राहिलो.

बेंटली ब्रेक न लावता माझ्या शेजारून सुसाट गेली आणि थेट भिंतीत!